मूडलवर वर्गाआधीची तयारी : अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षासाठी परीक्षण

तासाला उभं राहण्याआधी शिक्षकाला एक गोष्ट कळायला हवी: मुलं नेमकी कुठे चुकतायत. वर्गाआधी वाचायला-बघायला दिलेल्या सगळ्या सामग्रीचा खरा उपयोग इथेच आहे आणि मूडल या ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायच्या सॉफ्टवेअरला आम्ही याच कसोटीवर पारखलं आहे. पीडीएफ चढवायला, व्हिडिओ दाखवायला, हजेरी मोजायला दुसरी कितीतरी साधनं आहेत. आदल्या रात्रीची उत्तरं सकाळी वाचून त्याच दिवशीचा तास बदलता येतो का, एवढंच बघायचं होतं. येतो. पण मूडल जसं बसवून मिळतं तसंच वापरलं तर येत नाही. सात-आठ सेटिंग्ज हाताने बदलाव्या लागतात आणि त्यातली एखादी राहिली तरी पुढचा तास वाया जाऊ शकतो.

मूडल हे मार्टिन डुगियामास यांनी ऑस्ट्रेलियात सुरू केलेलं मुक्त सॉफ्टवेअर, पहिली आवृत्ती २००२ सालची. परवान्याचे पैसे पडत नाहीत. सर्व्हर, बॅकअप आणि ते सांभाळणारा माणूस यांचा खर्च असतो. पुण्यात सिंहगड रस्त्यापासून आकुर्डीपर्यंत अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते आधीपासून बसवलेलं आहे. त्याचा वापर मात्र बऱ्याचदा नोट्सचं गोदाम आणि नॅकच्या (महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या संस्थेच्या) तपासणीवेळी दाखवायचा पुरावा एवढाच उरतो. हाताशी असलेल्या चांगल्या साधनाचं असं होणं मनाला लागतं, म्हणून हे इतकं सविस्तर लिहिलं आहे.

परीक्षण कुठल्या वर्गासाठी, तेही स्पष्ट हवं. प्रथम वर्ष, इंजिनिअरिंग मेकॅनिक्स, सत्तर-ऐंशी जणांची तुकडी, एका तासाचं लेक्चर, जमिनीला ठोकलेले बाक, एक प्रोजेक्टर आणि एक फळा. वीस जणांच्या निवडक बॅचला यातलं बरंचसं लागणार नाही.

पद्धत जुनी आहे. अमेरिकेत १९९०च्या दशकात ग्रेगर नोव्हाक, एव्हलिन पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गांसाठी ‘जस्ट-इन-टाइम टीचिंग’ उभं केलं: मुलं तासाआधी दोन-तीन प्रश्नांची उत्तरं पाठवतात, शिक्षक ती वाचून तास घडवतो. हार्वर्डला एरिक माझूर १९९१पासून वर्गात एक प्रश्न टाकून आधी एकेकट्याने, मग शेजाऱ्याशी वाद घालून उत्तर द्यायला लावत होते. त्याला ‘पीअर इन्स्ट्रक्शन’ म्हणतात. पहिली पद्धत चुका गोळा करते, दुसरी त्या वर्गात कामाला लावते. मूडलचं काम पहिल्या टप्प्याचं. दुसऱ्या टप्प्यात त्याला आणू नये; त्याचं कारण पुढे दिलं आहे.

तयारी किती द्यायची

एका तासासाठी एकूण २५ मिनिटांचं काम. त्यात चार पानांचं वाचन किंवा पाच-सहा मिनिटांचे दोन व्हिडिओ, आणि वर तीन प्रश्न. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे प्रेक्षक सहा मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, असं त्यात दिसलं. त्यामुळे पन्नास मिनिटांचं रेकॉर्ड केलेलं लेक्चर ‘तयारी’ म्हणून टाकणं म्हणजे तीच गोष्ट दोनदा सांगणं.

आठवड्याला एका विषयाची तयारी जास्तीत जास्त दोन लेक्चरांसाठी. हे विभागात बसून ठरवावं लागतं. पाच विषयांच्या पाच शिक्षकांनी उत्साहाने रोज अर्धा तास मागितला तर मुलाचे रोजचे अडीच तास गेले, त्यात प्रॅक्टिकलची जर्नल्स वेगळी आणि पीएमपीच्या बसमधला वेळ वेगळा. तिसऱ्या आठवड्यात तयारी करून येणाऱ्यांची संख्या घसरते ती बहुतेक यामुळे. मुलांच्या आळशीपणावर खापर फोडण्याआधी सगळ्या विषयांचं वेळापत्रक एकत्र मांडून पाहावं.

मूडलमध्ये वाचनासाठी ‘फाइल’ऐवजी ‘पेज’ वापरावं. फाइल डाउनलोड होऊन फोनच्या फोल्डरमध्ये हरवते. पेज मोबाइलवर नीट उघडतं आणि त्याच्या डोक्यावर ‘वाचताना हे शोधा’ अशी एक ओळ लिहिता येते. ती ओळ चुकवू नये. ‘प्रकरण तीन वाचा’ या सूचनेने कुणी वाचत नाही. ‘घर्षणबल शून्य असताना ठोकळा हलत नाही, असं कधी होईल ते शोधा’ या सूचनेने निदान निम्मे तरी ती चार पानं चाळतात. व्हिडिओ मात्र कॉलेजच्या सर्व्हरवर चढवू नका. यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवून पेजमध्ये जोडा. सर्व्हरवरचा व्हिडिओ ऐंशी जण रात्री एकाच वेळी उघडतात तेव्हा त्याच्याशेजारची प्रश्नमंजूषाही गुदमरते.

प्रश्नमंजूषेच्या सेटिंग्ज

मूडलचा खरा जीव ‘क्विझ’मध्ये आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही तिथेच होतात.

तीन प्रश्न, प्रयत्न एक. वेळमर्यादा घालू नये. त्याची दोन कारणं: घाईत दिलेल्या उत्तरातून गैरसमज कळत नाही, घाई कळते, आणि वेळमर्यादा असली की मूडलच्या मोबाइल ॲपमध्ये ऑफलाइन सोडवण्याची सोय बंद होते. ती सोय हवी असेल तर क्विझमध्ये ऑफलाइन प्रयत्नांची परवानगी द्यावी लागते आणि प्रश्नांची वागणूक ‘डिफर्ड फीडबॅक’ (निकाल प्रयत्न जमा केल्यावरच) ठेवावी लागते. हॉस्टेलचं वायफाय रात्री दहाला रडायला लागतं, त्यामुळे ही सोय चैनीची नाही. ऑफलाइन सोडवलेलं उत्तर सर्व्हरवर जाण्यासाठी नंतर एकदा इंटरनेट मिळावं लागतं, हे मुलांना स्पष्ट सांगावं. ‘मी सोडवलं होतं’ म्हणणाऱ्यांत बरेच खरं बोलत असतात.

बंद होण्याची वेळ रात्री दहा. तास सकाळी सव्वादहाला असेल तर मध्यरात्रीची मुदत देण्याचा मोह होतो. पण मग उत्तरं वाचायला शिक्षकाकडे फक्त प्रवासाचा वेळ उरतो. ऐंशी जणांची तीन उत्तरं नीट बघायला अर्धा तास लागतो, सराव झाल्यावर वीस मिनिटं.

आता सगळ्यात जास्त नुकसान करणारी सेटिंग. ‘रिव्ह्यू ऑप्शन्स’मध्ये चार रकाने असतात: प्रयत्न चालू असताना, संपल्यावर लगेच, नंतर पण क्विझ उघडी असताना, आणि क्विझ बंद झाल्यावर. बरोबर उत्तर लगेच दिसू नये म्हणून बहुतेक शिक्षक पहिल्या तीन रकान्यांतल्या खुणा काढतात आणि चौथा तसाच ठेवतात. क्विझ रात्री दहाला बंद होते. दहा वाजून एका मिनिटाने बरोबर उत्तर सगळ्यांना दिसतं आणि सकाळी वर्गात वाद घालायला कुणी उरत नाही. ‘राइट आन्सर’ची खूण चौथ्या रकान्यातूनही काढा, त्याबरोबर गुण, बरोबर-चूक आणि फीडबॅक यांच्याही, तास संपला की परत लावा. परत लावायला विसरू नका, नाहीतर मुलांना आपलं उत्तर कधीच तपासता येत नाही आणि विश्वास उडतो.

पर्यायांचा क्रम बदलता ठेवा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ‘पहिल्याचं बी’ असं आलं तर त्याचा उपयोग होत नाही. शिक्षकाला अडचण येत नाही, कारण अहवालात पर्यायाचा मजकूर दिसतो, अक्षर नाही. प्रश्नांचा क्रम मात्र तोच राहू द्या, म्हणजे वर्गात ‘दुसरा प्रश्न’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच प्रश्न येतो.

गुण बरोबर उत्तराला देऊ नयेत, प्रामाणिक प्रयत्नाला द्यावेत. बरोबर उत्तराला गुण ठेवले की मुलं हुशार मित्राला विचारतात किंवा चॅटबॉटला, आणि शिक्षकाच्या हाती येतं ते वर्गाचं खोटं चित्र. मूडलमध्ये यासाठी सोपा मार्ग आहे: ग्रेडबुकमध्ये क्विझचा भार शून्य ठेवा, ‘ॲक्टिव्हिटी कम्प्लीशन’मध्ये किमान एक प्रयत्न ही अट घाला आणि महिनाअखेरीस पूर्णतेचा अहवाल एक्सेलमध्ये उतरवून अंतर्गत गुणांत जोडा. शंभरातले पाच गुण पुरतात. शून्य ठेवलं तर इन-सेम (सत्राच्या मधली परीक्षा) जवळ येताच सगळं थांबतं, वीस ठेवले तर पालकांचे फोन येतात.

प्रश्न कसा असावा

एक नमुना. आडव्या खडबडीत जमिनीवर १० किलोचा ठोकळा आहे. स्थिर घर्षणगुणांक ०.४. गुरुत्वत्वरण १० धरा. ठोकळ्याला २५ न्यूटनने आडवं ढकललं, तो हलला नाही. घर्षणबल किती? पर्याय: ०, १५, २५, ४०.

बरोबर उत्तर २५. ठोकळा स्थिर आहे, म्हणजे आडव्या दिशेची बलं एकमेकांना तोलतात. ४० ही घर्षणबलाची कमाल मर्यादा झाली. तिथपर्यंत गेल्याशिवाय ते तितकं होत नाही. ज्याने सूत्र पाठ केलंय तो ४० निवडतो. ४० मधून २५ वजा करणारा १५ निवडतो, त्याला ‘उरलेलं बल’ अशी काहीतरी कल्पना असते. शून्य निवडणाऱ्याला वाटतं की वस्तू हलतच नाही तर घर्षण कशाला. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे एक ओळखू येणारा विचार आहे, म्हणून हा प्रश्न कामाचा. ‘घर्षणगुणांकाची व्याख्या कोणती’ असा प्रश्न टाकला तर नव्वद टक्के बरोबर येतात आणि सकाळी वर्गात करायला काही उरत नाही.

तीनपैकी दोन प्रश्न असे पर्यायी आणि तिसरा मोकळा: ‘या चार पानांत काय कळलं नाही, एका-दोन वाक्यांत लिहा. सगळं कळलं असेल तर सर्वांत अवघड काय वाटलं ते लिहा.’ उत्तर मराठीत लिहायची मोकळीक द्या. विदर्भ-मराठवाड्यातून मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजीत ‘नो डाउट’ लिहून सुटतात आणि मराठीत लिहायला सांगितलं की खरी शंका येते. हा फरक फार मोठा आहे.

मोकळा प्रश्न क्विझमध्ये ‘एसे’ म्हणून घातला तर तपासून गुण देईपर्यंत सगळा प्रयत्न ‘अजून तपासलेला नाही’ असा दिसत राहतो. त्यापेक्षा मूडलची ‘फीडबॅक’ ही वेगळी सोय घ्या. त्यात नाव न दाखवता उत्तर देता येतं आणि सगळी उत्तरं एका पानावर खाली-खाली वाचता येतात. नाव झाकलं की शंका धीट होतात.

संख्यात्मक उत्तराचा प्रश्न देताना त्रुटीची मर्यादा भरा. १७.३ अपेक्षित असेल आणि मर्यादा शून्य असेल तर १७.३२ लिहिणारा चुकीचा ठरतो. एकक लिहायचं की नाही तेही प्रश्नात सांगा.

प्रश्न एकेक करून टाइप करत बसू नका, मजकूर-फाइलमधून आयात करा. ‘एकेन’ हा साचा सर्वांत सोपा: पहिल्या ओळीत पूर्ण प्रश्न, मग एकेका ओळीत पर्याय, शेवटच्या ओळीत कॅपिटल अक्षरांत ‘आन्सर’ हा इंग्रजी शब्द, विसर्गासारखं चिन्ह आणि बरोबर पर्यायाचं अक्षर. प्रश्न दोन ओळींत मोडला की आयात फसते. फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच जतन करा. जुन्या नोटपॅडमध्ये ती आपोआप तशी होत नाही आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग येते. चुकीच्या पर्यायाला वेगळा शेरा द्यायचा असेल तर ‘गिफ्ट’ साचा लागतो. त्यात महिरपी कंसाला स्वतःचा अर्थ आहे, त्यामुळे लॅटेकमध्ये (गणिताची सूत्रं लिहायच्या लिपीत) लिहिलेलं सूत्र तसंच चिकटवलं की गडबड होते. प्रत्येक महिरपी कंस आणि बरोबरचं चिन्ह यांच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते. सूत्र दिसण्यासाठी दोन्ही बाजूंना दुहेरी डॉलर चिन्ह लावा. एकेरी डॉलर लावून ‘मूडलला गणित येत नाही’ अशी तक्रार करणारे खूप आहेत.

सकाळचा अर्धा तास

क्विझच्या निकालात ‘स्टॅटिस्टिक्स’ उघडा. प्रत्येक प्रश्नापुढे ‘फॅसिलिटी इंडेक्स’ असतो. साध्या पर्यायी प्रश्नात तो म्हणजे बरोबर उत्तर देणाऱ्यांचं शेकडा प्रमाण. प्रश्नाच्या नावावर टिचकी मारली की कुठल्या पर्यायाला किती जण गेले ते दिसतं. याच पानासाठी आम्ही मूडलला इतरांपेक्षा वर ठेवतो. आकडे जुने वाटले तर पुन्हा मोजण्याचं बटण तिथेच आहे.

माझूर यांच्या पद्धतीत वर्गातल्या पहिल्या मतदानासाठी ३० आणि ७० या दोन सीमा वापरतात. आदल्या रात्रीच्या आकड्यांनाही त्या लावता येतात. ७० टक्क्यांहून जास्त बरोबर असतील तर तो मुद्दा दोन मिनिटांत संपवा, पुन्हा शिकवू नका. ३० टक्क्यांच्या खाली असतील तर मुलांना आपसात बोलायला लावून फायदा नाही, कारण बरोबर बाजू मांडायला पुरेसे जण नसतात. आधी दहा मिनिटं फळ्यावर समजावून सांगा. मधल्या पट्ट्यातला प्रश्न वर्गातल्या चर्चेचा.

मोकळ्या उत्तरांतून तीन वाक्यं निवडा, नाव न देता, मुलांच्याच शब्दांत पडद्यावर लावा. ‘हलत नाही तर घर्षण कुठून आलं?’ असं वाक्य समोर दिसलं की लिहिणाऱ्याला कळतं, आपलं वाचलं जातंय. पुढच्या वेळी किती जण तयारी करून येतील, ते बऱ्याच अंशी यावर ठरतं. उत्तरं मागवली आणि तास आधी ठरवला होता तसाच घेतला, असं दोनदा झालं की मुलं बरोबर ओळखतात आणि लिहिणं सोडतात. यात मुलांचं काही चुकत नाही.

वर्गात

पहिली पाच मिनिटं रात्रीच्या आकड्यांना आणि त्या तीन वाक्यांना. मग ठोकळ्याच्या प्रश्नाचं उत्तर न सांगता पुढचा प्रश्न टाका: तोच ठोकळा, आता दोरीने आडव्याशी ३० अंशांच्या कोनात वरच्या बाजूला २० न्यूटनने ओढला. घर्षणबल किती? पर्याय: ४०, ३६, २०, १७.३. दोरीचा उभा घटक १० न्यूटन, त्यामुळे जमिनीची अभिलंब प्रतिक्रिया ९०, घर्षणाची कमाल मर्यादा ३६. आडवा घटक १७.३, तो ३६ पेक्षा कमी, म्हणून ठोकळा जागचा हलत नाही आणि घर्षणबल १७.३. रात्री ४० म्हणणारा इथे बहुधा ३६ म्हणतो. प्रतिक्रिया कमी झाली हे त्याने पकडलं, मूळ गैरसमज तसाच राहिला. शिक्षकाला हे बघायचं असतं.

दीड मिनिट गप्प बसून विचार, मग मतदान, मग तीन मिनिटं ‘तुमच्यापेक्षा वेगळं उत्तर असलेल्याला पटवा’, मग पुन्हा मतदान. ठोकलेल्या बाकांवर चौघांचा गट करायचा तर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या रांगेला मागे वळायला सांगा. हे पहिल्या दिवशी करून घ्या, नाहीतर दर वेळी दोन मिनिटं त्यातच जातात. चर्चेच्या वेळी फळ्याजवळ उभं राहू नका, मधल्या वाटेने फिरा. कुठली चूक जोरात बोलली जातेय ते तिथे ऐकू येतं. दुसऱ्या मतदानानंतर उत्तर सांगा, आणि मग फळ्यावर मुक्त-पिंड आकृती (ठोकळा सुटा काढून त्यावरची सगळी बलं दाखवणारी) काढून पाच मिनिटांत सगळं बांधा. एका तासात असे दोन प्रश्न होतात, तीनचा हट्ट धरू नये. वेळ उरला तर तिसऱ्याऐवजी गणित द्या: त्याच ठोकळ्याला ४५ न्यूटनने आडवं ओढलं, गतिज घर्षणगुणांक ०.३, त्वरण काढा. उत्तर १.५ मीटर प्रति सेकंद वर्ग.

मतदानासाठी मूडल नको. ऐंशी फोन एकदम लॉगिन करायला लागले की पाच मिनिटं जातात, आणि हातात आलेला फोन परत खिशात जात नाही. प्लिकर्सची कागदी कार्डं शिक्षकाच्या एका फोनने वाचता येतात, छोट्या तुकडीला उत्तम. पण त्यांचा मोठा संच ६३ कार्डांचा आहे, ऐंशीच्या तुकडीला अपुरा. साधी चार रंगांची कार्डं सर्वांत भरवशाची. अप्पा बळवंत चौकातून चार रंगांची जाड कार्डशीट आणून प्रत्येकी चार तुकडे कापले की झालं. छातीशी धरायला सांगा, डोक्यावर नको. डोक्यावरची कार्डं बघून मागचे आपलं बदलतात. टक्केवारी नजरेने अंदाजे कळते, आणि ३० की ७० हे ठरवायला अंदाज पुरतो.

कुठे अडतं

पहिली अडचण घड्याळाची. सर्व्हर परदेशातल्या होस्टिंगवर असेल आणि साइटचा टाइमझोन कोलकात्यावर, म्हणजे भारतीय वेळेवर, लावलेला नसेल, तर रात्री दहा म्हणून भरलेली वेळ बहुधा जागतिक वेळेनुसार (यूटीसी) मोजली जाते आणि क्विझ आपल्या पहाटे साडेतीनला बंद होते. सत्र सुरू होण्याआधी एक खोटी क्विझ लावून ती खरंच कधी बंद होते ते बघा.

दुसरी ‘क्रॉन’ची. मूडलची पडद्यामागची कामं दर मिनिटाला चालणाऱ्या एका कार्यक्रमावर अवलंबून आहेत. तो थांबला तर सूचना जात नाहीत, आणि ‘सबमिट’ न दाबता सोडून दिलेले प्रयत्न आपोआप जमा होत नाहीत, ते ‘चालू आहे’ असेच राहतात. सकाळी चाळीसच उत्तरं दिसली तर मुलांना रागावण्याआधी सर्व्हर सांभाळणाऱ्याला विचारा, क्रॉन चालू आहे का.

तिसरी गर्दीची. मुदतीच्या शेवटच्या दहा मिनिटांत निम्मी तुकडी येते. दोन तुकड्यांना वेगळी वेळ द्या: एकीला साडेनऊ, दुसरीला दहा. क्विझच्या ‘ग्रुप ओव्हरराइड’मधून एकाच क्विझवर हे होतं.

चौथी फोटोंची. मुक्त-पिंड आकृती हाताने काढून फोटो पाठवायला सांगणं शिकण्याच्या दृष्टीने फार चांगलं, चॅटबॉटच्या उत्तरावरही तोच उपाय. पण फोनचा एक फोटो चार एमबीचा धरला तर ऐंशी जणांचे एका वेळी ३२० एमबी होतात. महिन्यातून एकदाच मागवा आणि सत्र संपल्यावर कोर्सचा बॅकअप घेताना मुलांचा डेटा वगळा, नाहीतर बॅकअपची फाइल इतकी फुगते की पुढच्या वर्षी परत चढत नाही.

मूडलमध्ये जून २०२०च्या ३.९ आवृत्तीपासून एचफाइव्हपी या परस्परसंवादी सामग्री बनवायच्या साधनाची ॲक्टिव्हिटी अंगभूत आहे. व्हिडिओच्या मध्ये प्रश्न घालता येतो, दिसायला सुंदर. पुढे सरकवण्यावर बंदी घालायची सोयही आहे, ती लावू नका. दुसऱ्यांदा बघणाऱ्या मुलाला तिचा त्रास होतो. एका व्हिडिओला असे प्रश्न घालायला दीड-दोन तास जातात. तेवढ्या वेळात क्विझचे सहा चांगले प्रश्न होतात, म्हणून आमचा कौल क्विझला. ‘पेज बघितलं’ ही पूर्णतेची खूणही फसवी आहे. ते पान उघडलं एवढंच तिला कळतं.

मेनूची मांडणी एप्रिल २०२२च्या ४.० आवृत्तीत बरीच बदलली, त्यामुळे जुन्या मार्गदर्शिका वाचून बटणं सापडत नाहीत. मराठी भाषापॅक उपलब्ध आहे पण भाषांतर अपुरं, अर्धा पडदा इंग्रजीच राहतो. मोबाइल ॲपच्या मोफत योजनेत सूचना मिळणाऱ्या उपकरणांवर आणि ऑफलाइन कोर्सेसवर मर्यादा आहे. सूचनेसाठी वर्गप्रतिनिधीचा व्हॉट्सॲप निरोप जास्त खात्रीचा.

गूगल फॉर्म की मूडल

एकट्या शिक्षकाला उद्यापासून सुरू करायचं असेल आणि कॉलेजचं मूडल मोडकं असेल, तर गूगल फॉर्म घ्या. दहा मिनिटांत तयार होतो, उत्तरांचा गोल आलेख आपोआप येतो, निकाल नंतर जाहीर करण्याची सोय आहे. सूत्रं सहसा चित्र म्हणून टाकावी लागतात आणि वर्षानुवर्षं वाढत जाणारी प्रश्नपेढी बांधता येत नाही. मूडलची प्रश्नपेढी हीच त्याची मोठी जमेची बाजू: यंदाचे पन्नास प्रश्न पुढच्या वर्षी दुसऱ्या शिक्षकाला, फॅसिलिटी इंडेक्ससकट. कुठला प्रश्न ९५ टक्क्यांवर गेला म्हणून काढायचा, कुठला ४५वर म्हणून जपायचा, ते दोन वर्षांत कळायला लागतं.

शाळेसाठी मूडल सुचवणार नाही. घरात एकच फोन, तोही रात्री उशिरा कामावरून आलेल्या आईकडे किंवा बाबांकडे, असं असेल तर तयारी ऑनलाइन मागणं अन्यायाचं आहे. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड आणि दीक्षा ॲपवरची सामग्री ज्यांना शक्य आहे त्यांनी बघावी. प्रश्न मात्र एफोरच्या पाव कागदावर छापून आदल्या दिवशी हातात द्यावेत. पहिल्या घंटेला चिठ्ठ्या गोळा करायच्या, परिपाठाच्या वेळात पर्यायांप्रमाणे चार गठ्ठे लावायचे. गठ्ठ्यांची जाडी बघितली की तास कुठून सुरू करायचा ते समजतं.

मूडलला वर्गाआधीच्या तयारीसाठी पाचपैकी चार. एक गुण कापला तो रिव्ह्यू ऑप्शन्सच्या त्या चौथ्या रकान्यासाठी आणि क्रॉनच्या परावलंबनासाठी. सुरू करणाऱ्यांनी पहिल्या सत्रात एकच घटक घ्यावा, घर्षण किंवा ट्रस (दांड्या जोडून केलेला सांगाडा), सहा तासांचा. त्यासाठी बारा पर्यायी प्रश्न आणि रंगीत कार्डांचे दोन संच लागतात. सर्व्हरवाल्याशी टाइमझोन, क्रॉन आणि बॅकअप या तीन गोष्टी जुलैतच बोलून घ्या; इन-सेमच्या आठवड्यात त्यांना फोन उचलायला वेळ नसतो.